आजोबा कोणत्या खात्यात होते?

१

‘औद्योगिक वारसा’ या शब्दाला अलीकडे आपल्या शहरांतून बरीच प्रतिष्ठा आली आहे. बंद गिरण्यांच्या चिमण्यांची छायाचित्रे निघतात. जुन्या दगडी भिंतींच्या आत उपाहारगृहे थाटली जातात. शाळांमधून ‘आपल्या परिसरातील उद्योग’ या विषयावर प्रकल्पाच्या वह्या भरल्या जातात. मी परळ-लालबागच्या पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे अशा वह्या दरवर्षी माझ्यापुढे येतात. त्या सुबक असतात, आणि त्यांत दिलेली माहितीही बहुधा बरोबर असते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. शेवटच्या पानावर चिमणीचे चित्र.

या वह्यांत काय नाही, हे पाहू लागलो की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांत ‘कामगार’ नावाचा एकच एक माणूस वावरतो. त्याला गाव नाही, जात नाही, खोली नाही, आणि विशेष म्हणजे त्याला खातेही नाही. तो गिरणीत जातो आणि गिरणीतून येतो. गिरणीच्या दरवाजातून आत शिरल्यावर तो डावीकडे वळला की उजवीकडे, हे कोणी विचारत नाही. वस्तुतः गिरणीत शिरलेल्या माणसाचे सारे आयुष्य त्या वळण्यावर ठरत होते.

माझे म्हणणे असे आहे की, गिरणगावातील मुलांना आपल्या परिसराचा श्रमाचा इतिहास शिकवायचा असेल तर त्याची सुरुवात चिमणीपासून करू नये. खात्यापासून करावी. ‘तुझे आजोबा गिरणीत होते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आजोबा कोणत्या खात्यात होते?’ हा खरा प्रश्न. कारण ‘गिरणीत होते’ या उत्तरात सगळे सारखे दिसतात आणि ‘खात्यात’ आले की आपली समाजव्यवस्था समोर उभी राहते.

२

हे समजण्यासाठी गिरणी चालत कशी होती, ते मुलांना आधी नीट समजावून द्यावे लागते. कापसाच्या गाठी फोडून तो पिंजला जाई, ते ब्लो रूम. तेथून कार्डिंग, मग पेळू, मग रिंग खात्यातल्या चात्यांवर सूत. ते सूत वाइंडिंगमध्ये गुंडाळले जाई, ताण्याला खळ दिली जाई आणि शेवटी ते साच्यावर, म्हणजे मागावर, चढे. साचे खात्यात कापड विणले जाई. ब्लो रूममध्ये कापसाची धूळ, रिंग खात्यात उकाडा आणि तुटलेले सूत जोडत दिवसभर उभे राहणे, साचे खात्यात कानठळ्या बसवणारा आवाज. सुखाचे खाते एकही नव्हते. पण पगार मात्र सारखे नव्हते. साचेवाल्याला उक्त्यावर पैसे मिळत आणि त्याची कमाई रिंग खात्यातल्या माणसापेक्षा बरीच जास्त असे. गिरणीतले मानाचे आणि पैशाचे काम ते विणकाम.

या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता.

कारण काय सांगितले जाई? साच्यावर आडवा धागा नेणारा जो धोटा असतो, त्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे टोक तोंडाने ओढून काढण्याची रीत होती. छिद्राला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की सूत बाहेर येई. एकाच धोट्याला निरनिराळ्या माणसांचे तोंड लागणार. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. झाले! एका बोटभर छिद्राने हजारो माणसांच्या मजुरीचा निकाल लावला. गावात पाणवठ्यावर जे चालत होते, तेच येथे वाफेच्या यंत्रावर चालू झाले.

येथे मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. तोंडाने सूत ओढण्याच्या या रीतीविरुद्ध इतर देशांतही ओरड झाली होती. पण तेथे तक्रार आरोग्याची होती. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, सुताची घाण पोटात जाते, दात किडतात, ही तक्रार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये त्यासंबंधीचे नियम १९५२ साली झाले. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे निघालेलेच होते. म्हणजे प्रश्न यंत्राचा असता तर तो यंत्र बदलून सुटला असता. तेथे धोटा बदलावा अशी मागणी झाली. येथे धोटा तसाच ठेवून माणूस बाहेर ठेवला गेला. यंत्रयुग आले की जाती आपोआप गळून पडतील, असे मानणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा. नववीतल्या मुलालाही त्यातले मर्म कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट कामगार चळवळीच्या पुढ्यात ठेवला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार होते. मालकांपुढे मागण्यांची यादी ठेवली गेली होती. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करावे ही मागणी त्या यादीत नव्हती. ती घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत असे बजावले, तेव्हा कोठे पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती घेतली. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. खरेच आहे एका अर्थी. दरवाजा मालकाचा होता, पण त्याला कडी कामगारानेच लावली होती. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, हेही मी वर्गात लपवत नाही. का केला असेल, हे शोधायला मुलांना सांगतो.

खात्याचा आणखी एक पदर आहे. गिरणीत भरती होई ती जॉबरच्या हातून. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस आधी लावी. बाप थकला की मुलगा बदली म्हणून येई आणि पुढे बापाच्या जागी कायम होई. गिरणगावात याला ‘वारसाने लागणे’ म्हणत. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो शब्द गिरणीत असा रोजच्या व्यवहारातला होता. आता हिशेब करून पाहा. ज्याला साचे खात्यात शिरू दिले नाही, तो मुलाला त्या खात्याचा वारसा कोठून देणार? स्वातंत्र्यानंतर घटनेने अस्पृश्यता रद्द केली, १९५५ साली कायदा झाला, हळूहळू तोंडाने सूत ओढण्याची रीतही मागे पडली आणि बंदी सैल होत गेली. पण पिढ्यान्‌पिढ्या झालेली खात्यांची वाटणी कायद्याच्या एका कलमाने पुसली जात नाही. बापाचे खाते मुलाच्या पगाराच्या पावतीवर उतरतच राहिले.

३

हे सगळे वर्गात सांगून भागत नाही. सांगितलेले मुले परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. त्यांनी ते स्वतः शोधले पाहिजे. त्यासाठी मी त्यांना पाच प्रश्न देतो. घरातल्या किंवा चाळीतल्या वडीलधाऱ्या माणसाकडे जायचे, त्यांना सवड असेल तेव्हा बसायचे, आणि विचारायचे :

काम कोणते होते आणि कोणत्या खात्यात?
ते काम लावून कोणी दिले?
पाणी कोठे पीत होता, डबा कोठे आणि कोणाबरोबर खात होता?
खोली कोठे होती आणि शेजारी कोण होते?
सुट्टी कधी मिळे आणि ते काम सुटले ते कसे?

यातल्या एकाही प्रश्नात ‘जात’ हा शब्द नाही. तो मी मुद्दामच ठेवलेला नाही. ‘गिरणीत जातिभेद होता का?’ असे विचारले की म्हातारी माणसे हटकून म्हणतात, ‘छे रे! आम्ही सगळे भावासारखे होतो.’ हे उत्तर खोटे नसते. एका भोंग्यावर उठणारी, एका संपात उपाशी राहिलेली ती माणसे असतात. पण त्यांनाच ‘डबा कोणाबरोबर खात होता?’ असे विचारले की ते नावे सांगू लागतात आणि ती सगळी नावे एकाच गावची, बरेचदा एकाच वाडीची निघतात. मग मुलगा आपण होऊन पुढचा प्रश्न विचारतो. शिक्षकाला फार काही करावे लागत नाही.

तोंडी आठवणींच्या जोडीला कागद लागतात. गिरणगावात ते घरोघरी आहेत, कारण बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याच्या योजनेसाठी अर्ज भरताना आपण गिरणीत होतो हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे हजेरीचा पास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, युनियनची पावती असे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या बाजूला ठेवलेले असते. मुलांनी ते पाहिलेले असते, पण वाचलेले नसते. पासवर खाते असते, तिकीट नंबर असतो, कायम की बदली ते असते. हे कागद शाळेत आणायचे नाहीत, घरीच पाहून उतरवून घ्यायचे, असा माझा दंडक आहे. त्या पिशवीत त्या कुटुंबाची घराची आशा असते.

बोलणे उतरवताना ते बोलणाऱ्याच्याच भाषेत उतरवायचे. ‘त्यांना अत्यंत कष्ट सोसावे लागले’ असे पुस्तकी वाक्य मी खोडतो. आजी म्हणाली असेल की ‘पाळी सुटली की पाय आपले नसायचे’, तर तेच लिहायचे. गिरणगावच्या माणसांच्या तोंडून असा इतिहास गोळा करण्याचे मोठे काम नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी केले आणि त्यांचा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्यांनी केले ते मुलांनी आपल्या वकुबाप्रमाणे करावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

एका बाबतीत मात्र फार जपावे लागते. वर्गात बौद्ध मुले असतात, मातंग, चर्मकार असतात, मराठा, आगरी, भंडारी, मुसलमान असतात. एखाद्या मुलाच्या वहीत निघते की त्याचे पणजोबा रिंग खात्यात होते आणि साचे खात्याच्या दारापर्यंतच त्यांना जाता येई. एखाद्या मुलीचे आजोबा गिरणीत नव्हतेच, ते महापालिकेच्या कचरा खात्यात होते. आणि त्याच बाकावरच्या तिसऱ्याचे पणजोबा साचेवाले निघतात. आता काय करायचे? पहिल्या दोघांच्या जखमेचे वर्गात प्रदर्शन मांडायचे नाही आणि तिसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. म्हणून आम्ही कोणाच्याही घरची हकीगत नावानिशी वाचत नाही. कोणाला स्वतःहून वाचायची असेल तर वाचावी. सगळ्यांनी आणलेली माहिती फळ्यावर एका तक्त्यात येते : वर खात्यांची नावे आणि खाली माणसे कोणत्या गावची, कोणी लावलेली, कोठे राहणारी. वीस-पंचवीस घरांची माहिती आली की तक्ता आपोआप बोलू लागतो. तेथे कोणाचा आजोबा दोषी ठरत नाही. रचना दिसते. साचेवाल्याच्या पणतूची वहीही तितक्याच मोलाची असते, कारण कडी आतून कशी लागत होती हे त्याच्याच घरच्या आठवणीत सापडते.

कचरा खात्यातल्या आजोबांना तक्त्यात गिरणीच्या शेजारीच जागा मिळते. चात्या फिरवणारा कामगार आणि गटार साफ करणारा कामगार या दोघांशिवाय हे शहर एक दिवसही चालले नसते. १८९० च्या दशकात लष्करात महारांची भरती बंद झाल्यावर कोकणातून आणि घाटावरून आलेली आपली माणसे गिरणीत शिरली, तशीच ती गोदीत, रेल्वेत आणि सफाईच्या कामातही शिरली. ‘औद्योगिक वारसा’ म्हणून गिरणी तेवढी दाखवायची आणि मोरी झाकायची, हा जुनाच सोवळेपणा आहे.

४

नंतर परिसर पायी पाहायचा. सहल म्हणून जायचे नाही, हातात तो तक्ता घेऊन जायचे. परळची बी. आय. टी. चाळ हा पहिला मुक्काम. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या चाळी बांधल्या. येथल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातली सुमारे बावीस वर्षे काढली. कामगारांच्या प्रश्नांवर बोलणारा हा माणूस त्यांच्याच मोरीशेजारी राहत होता, हे मुलांना जिन्यावर उभे राहून कळते. मग परळचा दामोदर हॉल. तेथे ९ मार्च १९२४ ला सभा भरली आणि त्यातून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली.

पुढे बी. डी. डी. चाळी. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या आता पाडल्या जात आहेत. त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत आणि रहिवाशांना मोठी घरे मिळत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. चाळीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी त्या सामाईक संडासापुढच्या रांगेत एक आठवडा काढलेला नसतो. पण पाडण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. कोणत्या चाळीत कोण राहत होते, ही ती गोष्ट. काही चाळी मुख्यतः बौद्धांच्या, काही मराठ्यांच्या, अशी वाटणी येथेही होती. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली, तेव्हा समोरासमोर उभी राहिलेली पोरे बहुतेक गिरणी कामगारांचीच होती. बाप एकाच गिरणीत राबत आणि मुले एकमेकांवर दगड टाकत. याचे उत्तर चिमणीच्या चित्रात सापडत नाही. खात्यांच्या आणि खोल्यांच्या तक्त्यात सापडते.

शेवटी दादरची इंदू मिल. इंडिया युनायटेड मिल क्रमांक सहा. चैत्यभूमीला लागून असलेल्या या गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला झाले. आपली मुले ६ डिसेंबरला आईवडिलांबरोबर येथून जातात. तेथे उभे राहून मी एवढेच सांगतो : ज्याने गिरणीतले बंद खाते उघडा म्हणून सांगितले, त्याचे स्मारक एका गिरणीच्याच जमिनीवर उभारायचे ठरले. त्या जमिनीवर पूर्वी कोण राबत होते आणि त्यांचे काय झाले, हे तुम्ही शोधा. मुले वंदन करतात आणि वहीही काढतात. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात.

५

आता कोणी विचारील की, हे सगळे झाले गेले. गिरण्या गेल्या, साचे भंगारात गेले, धोटे शोभेच्या वस्तू झाले. मग या उकरण्याचा उपयोग काय?

उपयोग असा, की तेच पाच प्रश्न आम्ही दुसऱ्या सत्रात आज कामावर जाणाऱ्या माणसांना विचारतो. आईला, मोठ्या भावाला, शेजारच्या ताईला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे सर्वांपुढे आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी सर्वसाधारण वाटणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. काम नाहीसे झाले असे नाही. काम बदलले. आणि त्या बदललेल्या कामावर आमच्या मुलांच्या आया आणि भाऊ आहेत.

त्यांची उत्तरे अशी येतात. खाते? ‘हाऊसकीपिंग’, नाहीतर ‘सिक्युरिटी’, नाहीतर घरपोच पार्सल. कोणी लावले? कंत्राटदाराच्या सुपरवायझरने. मुले लगेच म्हणतात, ‘सर, हा जॉबरच झाला!’ डबा कोठे? जिन्याखाली, नाहीतर तळघरात गाड्या लावतात तेथे. ज्या टेबलांची आपण फडकी मारतो, त्यांवर बसून खायचे नसते. खोली? दिव्याला, नालासोपाऱ्याला, पहाटेची गाडी धरून यायचे. सुट्टी? घेतली तर पगार कापतात.

या शेवटच्या उत्तरापाशी मी थांबतो आणि मुलांना वहीचे पहिले पान उघडायला सांगतो. तेथे त्यांनीच लिहिलेले असते की, लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळवलेला रविवार, याच परळमध्ये, एखाद्या मुलाच्या आईला आज पगार घालवून घ्यावा लागतो. तोपर्यंत सनावळीतली एक तारीख असलेली ही गोष्ट त्या क्षणी घरची होते. वारसा म्हणून जर काही जपायचे असेल तर तो हा रविवार आहे. आठ तासांचा दिवस आहे. प्रॉव्हिडंट फंड आहे. चिमणी जपली आणि रविवार गेला, तर कामगारांच्या वारशातले काहीच जपले नाही असे म्हणावे लागेल.

आणि तक्त्याची दुसरी बाजूही येथे पुन्हा दिसते. थंडगार काचेच्या इमारतीत झाडू कोणाच्या हातात आहे आणि संगणक कोणापुढे आहे, हे मुलांनी आणलेल्या माहितीत उमटतेच. आता कोणी धोट्याचे कारण सांगत नाही. ‘शिक्षण नाही’, ‘इंग्रजी येत नाही’, ‘ओळख नाही’, अशी कारणे सांगतात. प्रत्येक काळाला आपला धोटा सापडतो. तो ओळखायला शिकवणे, हे मी इतिहासाच्या तासाचे काम समजतो.

६

या पद्धतीवर आक्षेप घेतला जातो तो असा : कामगारांच्या इतिहासात जात आणली की कामगारांची एकजूट फुटते, मुलांच्या मनात दुही पेरली जाते. हा आक्षेप नवा नाही. १९२८ साली तोच घेतला गेला होता. त्याला बाबासाहेबांनी कृतीने उत्तर दिले आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवून दिले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी खटका उडाला, त्यांच्याचबरोबर. एकजूट हवी म्हणून अन्यायाबद्दल मुके राहा, असे त्यांनी मानले नाही आणि अन्याय झाला म्हणून एकजूट नको, असेही मानले नाही. फळ्यावरच्या तक्त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून तो मुलांना फोडत नाही. दुसऱ्या सत्रात मराठा मुलाची आई आणि बौद्ध मुलाची आई एकाच कंत्राटदाराकडे निघतात, हेही तोच तक्ता दाखवतो.

दुसरा आक्षेप, की हे संशोधन आहे आणि मुलांच्या आवाक्यातले नाही. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट या लेखकाने १९७८ साली एक पुस्तक लिहिले. ज्या जागी तुम्ही उभे आहात तेथेच खणा, असे त्याचे सामान्य कामगारांना सांगणे होते. त्याने सिमेंटच्या कारखान्यांचे उदाहरण घेतले. कारखान्यांचे इतिहास मालक लिहवून घेतात, पण आपल्या कामातला खरा जाणकार कामगारच असतो, हे त्याचे सूत्र. तेथल्या कामगारांना जे जमले ते येथल्या कामगारांच्या नातवंडांना न जमायला काय झाले? आपल्या साहित्याने तर हे केव्हाच करून दाखवले आहे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि त्याला जात लपवावी लागते. नोकरी आणि जात यांची ही गाठ समाजशास्त्राच्या पुस्तकांआधी आपल्या कथेने सोडवून दाखवली. आता ती शाळेच्या वहीत उतरली पाहिजे.

हे फक्त मुंबईचे नाही. नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, सोलापूरला गिरण्या होत्या, कामठी-भंडाऱ्याला विडीचा धंदा होता. गावोगाव साखर कारखाने आहेत. कारखान्याच्या दारात संस्थापकाचा पुतळा असतो आणि सहलीला आलेली मुले त्याला हार घालतात. त्याच मुलांनी उसाच्या फडात जाऊन कोयत्यावर आलेल्या जोडप्याला विचारावे : उचल कोणी दिली? किती फिटली? पाणी कोठून आणता? पालात शेजारी कोण? तुमची मुले कोणत्या शाळेत आहेत? मराठवाड्यातल्या शिक्षकाला यासाठी मुंबईला येण्याची गरज नाही. कारण त्याच्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर वर्गात नसतात, ती त्या फडातच असतात.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून शेवटी एक विनंती करतो. येत्या वर्षी ‘परिसरातील उद्योग’ हा प्रकल्प मुलांना द्याल तेव्हा चित्रे चिकटवायला सांगू नका. पाच प्रश्न लिहून द्या आणि त्यांना घरी पाठवा. गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. चिमण्यांसाठी समित्या बसतात, त्यांचे काही ना काही होईल. या माणसांपाशी जे आहे ते विचारायला मात्र त्यांची नातवंडेच जाऊ शकतात, आणि त्यासाठी हातात वर्षे थोडीच आहेत.